एक जादा एक्स

कुरुंदा, १० मे २०२६

ती. पुनमताई, सा. न. वि. वि.

फोनवर बोलावं तर आई शेजारीच बसलेली असते, म्हणून कागद घेतला. नांदेडहून माझ्या रक्ताचा रिपोर्ट आला. पुरुषाच्या गुणसूत्रांत एक एक्स आणि एक वाय असतो. मला एक एक्स जादा आहे. त्यामुळं मूल होणं अवघड, असं डॉक्टर म्हणाले. म्हणजे सहा वर्षं सगळे प्रतिक्षाकडं बोट दाखवत होते, ते उगीचच.

तू शाळेत विज्ञान शिकवतेस, तर सांग. हा जादाचा आला कुठून? पोटुशी असताना आईनं ग्रहणात विळी धरली, त्यानं? आणि तो करतो तरी काय? मी पंधरा दिवस दाढी केली न्हाई तरी कुणाला कळत न्हाई, ते त्याच्यामुळंच का?

प्रतिक्षाला अजून सांगितलं न्हाई. आईनं आणलेला कडू काढा ती रोज नाक दाबून पिते. आता अधिक महिना लागेल, सासरे हट्ट्याला धोंड्याच्या जेवणाला बोलावतील. मागच्या धोंड्याला माझे पाय धुताना ग्यानोबामामा मान खाली घालून म्हणाले होते, जावईबापू, आमच्या लेकीत कमी निघाली, माफी असावी. यंदा गेलोच न्हाई तर?

लोभ आहेच, तो असाच राहू दे.
तुझा विश्वंभर

लातूर, १७ मे २०२६

चि. विश्वंभर यास अ. उ. आ.

पत्र वाचून आधी रडले, मग पुस्तकं काढून बसले. ग्रहण, विळी, आई, कुणाचाच दोष नाही. बीज तयार होताना एक जोडी वेगळी व्हायची राहून जाते, एवढंच. सहाशेएक पुरुषांत एखादा असा असतो आणि बहुतेकांना जन्मभर कळतही नाही. लांब पाय, विरळ दाढी, वयात येताना थोडी भरलेली छाती. विहिरीत पोहताना तू बनियन का काढत नव्हतास, ते मला आत्ता कळतंय.

तू पुरुषच आहेस, त्यात शंका नको. हाडं आणि अंगातला जोर टिकावा म्हणून डॉक्टर इंजेक्शनं सुचवतील. पण त्यानं असलंनसलं बीजही बंद पडू शकतं, म्हणून मुलाचा विचार आधी करा. छोट्या शस्त्रक्रियेनं कधी बीज सापडतं, कधी नाही. हे ठरवायला दोघं लागतात आणि तू विचारून राहिलास बहिणीला! काढा आजच्या आज बंद. धोंड्याला जा. तिथं काय बोलायचं, ते मी सांगणार नाही.

आईला नमस्कार, प्रतिक्षाला माझी माया.
तुझी पुनमताई

कुरुंदा, २७ मे २०२६

ती. पुनमताई, सा. न. वि. वि.

हळदीचं बेणं निवडताना प्रतिक्षाला सांगितलं. ती निवडतच राहिली. मग म्हणाली, रिपोर्ट आला त्याच दिवशी बोलला असता तर इतका काढा तरी वाचला असता. तिसऱ्या दिवशी प्रश्न सुरू झाले. तो एक्स दिसतो का? त्याला रंग असतो का? माळ्यावरचा डबा तुमचा हात सहज काढतो, तो त्याच्याच जोरावर का?

रविवारी हट्ट्याला जातो. तिथं अवाक्षर काढायचं न्हाई, अशी तिची ताकीद आहे. जावयाचा मान जाईल म्हणते.

आहे तसा लोभ ठेव.
विश्वंभर

कुरुंदा, २ जून २०२६

ती. पुनमवन्संना सा. न. वि. वि.

हे तुमचे भाऊ लिहिणार न्हाईत, म्हणून मी लिहिते. बाबा पाय धुवायला वाकले आणि मागच्यासारखंच बोलायला लागले. यांनी परातीतून पाय मागं घेतला. म्हणाले, मामा, कमी न्हाई, जादा निघालंय, आणि तेही माझ्यात. आईच्या हातात पुरणाचा धोंडा तसाच राहिला. बाबांनी विचारलं, तकलीफ तं होत न्हाई ना? हे न्हाई म्हणाले. बाबांनी पाय पुन्हा परातीत ओढून घेतला. धुताना मान वर होती आणि ते माझ्याकडं पाहत होते.

घरी सासूबाईंना यांनी सगळं सांगितलं. संध्याकाळी त्यांनी काढ्याची बाटली स्वतः मोरीत ओतली आणि शेजारच्या काकूंना म्हणाल्या, आमच्या लेकराला देवानं जादाच दिलंय. मी हसले तर माझ्यावरच डाफरल्या.

पुढच्या आठवड्यात डॉक्टरकडं दोघं जातोय. विचारायचे प्रश्न मी जमवून राहिले. तुमच्याकडं एखादा असला तर लवकर पाठवा.

माया करताच, करत राहा.
तुमची प्रतिक्षा