वांग्यांच्या जागेवर पानांची झाडं

प्रिय अहो,

पत्रात तुम्हाला दुसरं काय म्हणायचं ते मला कधी सुचलं नाही. आज लिहायला बसले, कारण या आठवड्यात आपल्या अंगणातलं उरलंसुरलं ऊनही गेलं. पश्चिमेच्या प्लॉटवरच्या इमारतीचा आणखी एक स्लॅब टाकला. पूर्वेची तर तुमच्यादेखतच उभी राहिली होती. आता भर दुपारी ऊन जरासं डोकावतं आणि जातं. स्वयंपाकघरात दिवसासुद्धा दिवा लागतो. हैदराबादच्या या नल्लकुंट्यातलं आपलं घर विहिरीच्या तळाशी बसल्यासारखं झालंय.

तुम्ही असतात तर काय केलं असतंत? चाकांच्या फळीवर वांग्याच्या कुंड्या ठेवून उन्हाच्या पट्ट्यामागे फिरायचात. सकाळी फाटकाशी, दुपारी पाण्याच्या हौदाशी, कलत्या उन्हात स्वयंपाकघराच्या भिंतीशी. "निघाली वांग्यांची वरात," मी म्हणायचे. तुम्ही म्हणायचात, "ऊन आपल्याकडे येईना, तर आपण उन्हाकडे जायचं मेमसाब. तुमच्या कॉन्व्हेंटात हे शिकवलं नाही वाटतं."

आता जायचं तरी कुठे?

म्हणून काल नर्सरीत गेले. पानांची झाडं आणायला. तुम्हाला ती कधीच आवडली नाहीत. "जे खाता येत नाही, देवाला वाहता येत नाही, ते लावायचं कशाला? नुसतं बघायला?" शेतकऱ्याच्या घरातला माणूस दुसरं काय म्हणणार! पण माझ्या शाळेचा कॉरिडॉर भर उन्हाळ्यातही अंधारा असायचा आणि तिथे लांब, गडद पानांच्या कुंड्या ओळीने असायच्या. शनिवारी आम्ही मुली ओल्या फडक्याने एकेक पान पुसायचो. सिस्टर म्हणायच्या, "ही झाडं काही मागत नाहीत, म्हणूनच त्यांना विसरायचं नाही." हे मी तुम्हाला किती वेळा सांगितलं. तुम्ही दर वेळी विचारलंत, "भाजी होते का त्याची?"

नर्सरीवाल्या चाचांना मी तीच शाळेतली झाडं मागितली. ते म्हणाले, "ले जाव मॅडम, ये मरता नै. छाँव से नै मरता. लोगां पानी डाल डालके मारते." पांढऱ्या किनारीची फार सुंदर पानं होती तिथे. हातात घेतली आणि परत ठेवली. इतक्या सावलीत किनार टिकत नाही, हळूहळू सगळं हिरवं होऊन जातं. नाजूक पानांचीही घेतली नाहीत. बांधकामाची धूळ अजून वर्षभर तरी उडणार. पुसता येईल असं जाड, चिवट पानच हवं. जिन्याखाली शाळेतली झाडं, फाटकाशी स्नेक प्लांट, हौदाच्या ओलीला नेचे, आणि जाळीवर चढायला मनी प्लांट. एकाही कुंडीला जागेवरून हलवावं लागणार नाही. तेच बघून निवडली. तुमच्यासारखी फळी ओढायची ताकद माझ्या कंबरेत नाही.

रिक्षातून कुंड्या उतरवल्या आणि मग मात्र फाटकाच्या आत जाववेना. कारण फडताळात तुमची बरणी आहे. राखेत घोळवलेलं वांग्याचं बी. तुमच्या आईंनी गावाहून पदरात बांधून आणलेलं. शेत विकलं गेलं, घर पडलं. त्या मातीतलं आपल्याकडे एवढंच उरलंय. तुम्ही दर वर्षी पेरायचात, दर वर्षी नवं बी धरायचात. तुम्ही गेलात त्या वर्षी पेरणी झालीच नाही. "वांग्याचं बी फार वर्षं वाट बघत नाही," हे तुमचंच वाक्य. सारखं तेच आठवत होतं. यंदाही पेरलं नाही, तर संपलं.

मी फाटकाशी तशीच उभी होते. तेवढ्यात पूर्वेच्या इमारतीतली विजया बाजार घेऊन आली. तीच ती, सगळ्यांत वरच्या मजल्यावरची. गृहप्रवेशाचे लाडू घेऊन आली होती आणि तुम्ही दारातूनच परत पाठवले होते. "आमचं ऊन खाऊन वर आम्हालाच लाडू," म्हणालात, तेही तिला ऐकू जाईल असं.

कुंड्या बघून तिने विचारलं, "बैंगन नै लगाते आंटी अब?"

मी म्हटलं, "धूप किधर है?"

तिने बाजाराची पिशवी खाली ठेवली. मग म्हणाली, "अंकल का टैम मेरेकू मालूम था. नीचे उनकी बंडी निकली, तो मैं ऊपर से चादरां उतार लेती थी. चादरां का साया उनके झाडां पे गिरता था ना."

अहो, ऐकताय ना? ज्या पट्ट्यामागे तुम्ही ती फळी, तिच्या भाषेत बंडी, ओढत फिरायचात, त्यातलं थोडं ऊन ती तुमच्यासाठी राखत होती. ओल्या चादरी काढून, पुन्हा वाळत घालून. एका शब्दाने बोलली नाही. आणि तुम्ही कधी मान वर करून पाहिलंही नाहीत. तुमच्यावर रागवावं की रडावं, कळेना. तुम्हाला हे कळायला हवं होतं. आता मी कुणाला सांगू?

काल तिच्याशी ठरल्याप्रमाणे आज सकाळी बरणी घेऊन तिच्या गच्चीवर गेले. काय ऊन आहे तिथे! कठड्यावरून खाली वाकून पाहिलं. आपलं अंगण अंधारात बुडालेलं, आणि तळाशी नवी पानं, काळपट हिरवी. तिथे कुणी फिरत नव्हतं. तिला तुम्ही रोज एवढेच दिसत असाल: एक टोपी, एक फळी आणि चार वांगी.

विजयाने एका तसराळ्यात माती भरून ठेवली होती. तुमच्यासारखंच बोटाच्या पेराएवढं अंतर ठेवून मी बी टाकलं. जुनं आहे, उगवेल की नाही सांगता येत नाही. तिने विचारलं, "आएगा ना आंटी?" मी मातीवर पाणी शिंपडलं.

पण तुम्हाला शब्द देते. एक रोप जरी वर आलं, तरी त्याचं पहिलं चांगलं वांगं कुणालाही तोडू देणार नाही. झाडावरच पिवळं होऊ देईन, बी काढीन, राखेत घोळवून तुमच्या बरणीत भरीन. आणि निम्मं विजयाला देईन. तुमच्या वतीने, लाडवांच्या बदल्यात. खाली आले की रोज तुम्हाला न आवडणारी पानं पुसत बसेन.

तुमची,
मेमसाब