चौकात चालू राहिलेल्या गाडीची हकीकत

आदरणीय मेहुणेसाहेब,

दोन्ही हात जोडून नमस्कार (नखांतलं काळं अजून गेलेलं नाही, तेवढं चालवून घ्या). तुमचा गुडघा आता वाकू लागला असं वहिनींच्या फोनवरून कळलं. बरं वाटलं. माणसाला वाकता येणं केव्हाही चांगलं. इकडे सगळे खुशाल. तुमच्या भगिनींची सर्दी गेली, माझी पाठ जाग्यावर आली, आणि गाडी, मेहुणेसाहेब, गाडी ठणठणीत आहे. हे शेवटचं मी मुद्दाम सावकाश लिहिलंय. तुम्हीही सावकाश वाचा.

मागच्या खेपेला तुम्ही आला होतात तेव्हा मोठ्या चौकात लाल दिव्याला गाडीनं मान टाकली. तुम्ही खाली उतरलात, कोट झटकलात, बॉनेटवर दोन बोटांनी टकटक केलंत आणि म्हणालात, "हिच्यात माती भरा आणि झाडं लावा." मागे हॉर्न वाजवणारेसुद्धा हसले. ते मी गिळलं. पण त्या दिवसापासून तुमच्या भगिनींनी गाडीत पाय ठेवणं सोडलं, ते काही मला गिळता येईना. बाजारात जायचं तर बसनं, मैत्रिणीकडे जायचं तर बसनं. मला त्याच बाजूला काम असलं तर मी गाडीतून बसच्या मागोमाग. मी दिसेनासा झालो की चौक आला असं त्या समजायच्या आणि उतरायची तयारी करायच्या. शेजारची सीट रिकामी ठेवून गाडी चालवणं अगदी जिवावर यायचं माझ्या. हे मी त्यांना बोललो नाही, तुम्हाला लिहितोय.

आता दुखणं काय होतं ते सांगतो. पळताना तक्रार नव्हती. टेकडीमागच्या दगडांच्या वाटेनं तर ती अशी चढायची की बघत राहावं. पण ॲक्सिलरेटरवरून पाय काढल्यावर इंजिनानं जागच्या जागी संथ चालत राहावं, एवढीच एक साधी अपेक्षा असते (गॅरेजवाले याला आयडलिंग म्हणतात. तुम्हाला ठाऊक आहे, पण पत्र वहिनीही वाचतात). आमचं इंजिन आधी उगाच चढायचं, मग उतरायचं, मग कण्हायचं आणि मग गप्प. म्हणजे डोंगर चढेल, चिखलातून स्वतःला उपसून काढेल, चारही चाकांत ताकद, आणि बाईसाहेबांना नुसतं उभं राहता येईना!

गॅरेजच्या मिस्त्रींना दाखवली. त्यांनी डोळे मिटून आवाज ऐकला, जुनी गाडी आहे, चालायचंच, असं म्हणाले आणि पेट्रोलमध्ये हवा मिसळणाऱ्या कार्ब्युरेटरवरचा एक स्क्रू पिळून दिला. त्यानं बंद पडणं थांबलं खरं, पण आता पाय काढला तरी इंजिन शर्यतीला निघाल्यासारखं ओरडायचं आणि गिअरमध्ये असली की गाडी पुढे रेटायची. चौकात लाल दिव्याला मी ब्रेकवर जवळजवळ उभा होतो, तरी ती इंचाइंचानं पुढच्या बसकडे सरकत होती. बसच्या मागच्या बाकावर तुमच्या भगिनी होत्या. इतक्या जवळून आम्ही एकमेकांकडे बऱ्याच वर्षांत बघितलं नव्हतं. घरी आल्यावर त्यांनी ताट जरा जोरात ठेवलं.

मी तो स्क्रू होता तिथं परत फिरवला, तर बंद पडणं पुन्हा सुरू. मग ठिणगी देणारे प्लग बदलले, पॉइंट बदलले, पेट्रोलचा फिल्टर बदलला. (यांतलं काहीही बिघडलेलं नव्हतं, हे आता कळतं. तेव्हा दर वेळी वाटायचं, सापडला चोर.) शेवटी शेजारचे दातांचे डॉक्टर मदतीला आले. निवृत्त झाल्यापासून त्यांचे हात शिवशिवत असतात. कार्ब्युरेटर उघडा, आत कचरा असणार, असं त्यांनी निदान केलं आणि आम्ही तो जेवणाच्या टेबलावर, भाज्या धुवायच्या भांड्यात उघडला. आत जेट नावाची पितळेची बारकी तोटी असते, तिला सुईच्या टोकाएवढं भोक असतं आणि त्यातून इंजिनाला मोजून पेट्रोल जातं. डॉक्टरसाहेबांना त्या भोकात कीड दिसली. मी नको म्हणेपर्यंत त्यांनी दात कोरायच्या आकड्यानं ती खरवडून काढली, वर मला चूळ भरायला सांगायचंच तेवढं बाकी ठेवलं. भोक रुंद झालं. गाडी सुरू केली तर असा काळा धूर निघाला की समोरच्या घरच्यांनी वाळत घातलेल्या चादरी पुन्हा धुतल्या, आणि धुताना आमच्याकडे बघत होते. नवा जेट आणून बसवला. आमच्या जेवणाला मात्र आठवडाभर पेट्रोलचा वास होता. तुमच्या भगिनी म्हणाल्या, निदान स्वयंपाकाला तरी सोडा. आणि एवढं करून गाडी होती तिथेच. पाय काढला की कण्हणं, आणि गप्प.

त्या दिवशी बंपरवर बसून मला खरोखर रडू आलं. तुमचं म्हणणं खरं होणार, हिच्यात माती भरावी लागणार आणि ही सीट कायमची रिकामी राहणार, असं वाटलं. पण मेहुणेसाहेब, तुमच्यापुढे हरायचं म्हटलं की माझं डोकं चालतं. मी विचार केला, ठिणगी बरोबर, पेट्रोल बरोबर, मग उरलं काय? हवा. इंजिन कुठून तरी चोरून हवा ओढत असलं पाहिजे. पळताना ती चोरी खपते, कारण तेव्हा सगळंच भरपूर चाललेलं असतं. उभं राहिलं की मिळकत थोडी आणि गळती तेवढीच. पण हवा दिसणार कशी? तेवढ्यात इस्त्रीच्या टेबलावरची पाणी फवारायची बाटली दिसली. (विचारून घेतली नाही. विचारलं असतं तर हे पत्र वेगळं झालं असतं.) पाणी पडलं की फट क्षणभर बुजते आणि इंजिनाचा सूर बदलतो, असा माझा हिशेब. गाडी सुरू केली, ॲक्सिलरेटरवर वीट ठेवली आणि एकेक सांधा भिजवत निघालो. इथं नाही, तिथं नाही. कार्ब्युरेटरच्या खालून ब्रेककडे जाणारी अंगठ्याएवढी जाड रबरी नळी आहे, तिच्यावर पाणी पडलं आणि इंजिन एकदम सुधारलं. खालून हात घातला. वरून नवीकोरी दिसणारी नळी पोटाशी चिरलेली होती! मी त्या चिरेवर अंगठा दाबला, वीट काढली, आणि इंजिन संथ, एका लयीत, शहाण्यासारखं चालू राहिलं. काय सांगू, अंगावर काटा आला. मी ओरडलो, "सापडलं!" स्वयंपाकघराच्या खिडकीतून तुमच्या भगिनींनी पाहिलं, जरा वेळ ऐकलं आणि म्हणाल्या, "मग आता हात काढून दाखवा."

हात काढता येत नव्हता, हे उघड आहे. पण दुसऱ्या दिवशी नवी नळी बसवली आणि हात काढून दाखवला. गाडी चालू राहिली. त्यांनी पदर खोचला, छत्री आणि बसचा पास बरोबर घेतला (असू दे सोबत, म्हणाल्या) आणि शेजारच्या सीटवर येऊन बसल्या.

मोठ्या चौकात लाल दिवा लागला. मी पाय काढला, दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि चारी बाजूंना बघितलं. चौकातले पोलीसदादा सवयीनं बाह्या सरसावत ढकलायला निघाले होते, ते अर्ध्या वाटेत थबकले. मी त्यांना मानेनंच नको म्हटलं. इंजिन असं काही चालत होतं की मी डोळे मिटून ऐकत राहिलो, आणि हिरवा दिवा लागला ते कळलंच नाही. मागे पुन्हा तेच हॉर्न, तेच लोक. पण या खेपेला गाडी बंद नव्हती, मेहुणेसाहेब, मी ऐकत होतो. हिनं कोपरानं ढोसलं तेव्हा निघालो. आता बाजार, मैत्रीण, दवाखाना, सगळीकडे आम्ही जोडीनं जातो. बसचा पास संपला, तो पुन्हा काढलेला नाही.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

आपल्या भगिनींचा नवरा व नव्यानं नेमलेला ड्रायव्हर

ता. क. माती आणि झाडांबद्दलचे शब्द तुम्ही लेखी मागे घ्यावेत, एवढ्यासाठीच हा पत्रप्रपंच. साध्या कार्डावर लिहा, पाकिटात नको. आमच्या पोस्टमनलाही वाचता आलं पाहिजे.

ता. क. दुसरा. किल्ली फिरवून बंद केल्यावर गाडी हल्ली दोन-चार ठोके जास्त चालते. तो आमच्या जमलेल्या मैत्रीचा परिणाम आहे, यावर मत देऊ नये. पत्र पाकिटात घालायला तुमच्या भगिनींकडे देतोय.

दादा, मी लिहितेय. पाकीट चिकटवायच्या आधी कोपऱ्यात जागा सापडली. नळीची गोष्ट खरी आहे, आणि तू ते शब्द मागे घेच, त्यांना फार लागलं होतं. पण एक सांग. पूर्वी गाडीत बसलं की ह्यांचा सगळा जीव त्या इंजिनाच्या आवाजात असायचा. तोंडातून शब्द नाही. चौकात बंद पडायची म्हणून मी बसणं सोडलं, पण चौक येईपर्यंत मी किती निवांत खिडकीबाहेर बघत जायचे, ते मला आता कळतंय. आता जाताना नळीची गोष्ट आणि येताना जेटची. दवाखान्यात तर डॉक्टरांनी मला तपासायच्या आधी ह्यांची नळी ऐकून घेतली. तेव्हा त्या इंजिनातला कुठला स्क्रू किती फिरवला म्हणजे गाडी बंद पडणार नाही, पण आता पडेल, मग पडेल, असं ह्यांना वाटत राहील, तेवढं मला कळव. कार्डावर नको, पाकिटात लिही.