उपरण्याखालचा भाव

आबा, आज धान्यबाजारात एक माणूस कर्ण्यातून भाव ओरडत होता. तुम्हाला ते उघडंवाघडं वाटलं असतं. जुन्या जालन्यात तुम्ही दलाली करायचात तेव्हा भाव तोंडानं बोलत नसत. दोघं उपरण्याखाली हात घालायचे, बोटं धरून आकडा सांगायचे. तळहात दाबला की होकार. भोवतीच्या माणसांना काही कळू द्यायचं नाही.

मी बाळंतपणाला माहेरी आले होते. त्या उन्हाळ्यात ज्वारीच्या पोत्यांची थप्पी कोसळली आणि तुमचं डोकं दगडी पायरीवर आदळलं. कानांतून रक्त आलं. डॉक्टर म्हणाले, कवटीला कानांपाशी तडे गेलेत. हाड सांधेल, ऐकणं परत येणार नाही. मी ते पाटीवर लिहून दाखवलं. तुम्ही वाचलंत, पाटी पुसलीत आणि चहा मागितलात.

अजून डोळ्यांसमोर आहे, आई भाकरी थापतेय. तुम्ही उंबऱ्याशी बसून तिच्या हातांकडे पाहताय. “आज भाकर मुकी झाली का गं?” आई हसते आणि पदर डोळ्यांना लावते. बाळ रडायला लागलं की तुम्ही त्याच्या छातीवर पंजा ठेवायचात. “भुकेलं न्हाई. नुसतं चिडून राह्यलंय.” बहुतेकदा ते खरं निघायचं.

मग एक दिवस शेठ घरी आले. त्यांच्याच आडतीच्या दुकानावर तुमची हयात गेली होती. तुमच्याकडे न बघता ते आईला म्हणाले, “वहिनी, बहिऱ्या दलालाचं बाजारात काय काम? दुसरा माणूस बघावा लागंल.”

तुम्ही त्यांच्या ओठांकडे पाहत होतात. खुंटीवरचं उपरणं काढलंत आणि दोघांच्या हातांवर टाकलंत.

“शेठ, भाव कानानं कधी ठरला व्हता? द्या हात.”

आत काय चाललंय ते आम्हाला दिसत नव्हतं. दिसत होता तो शेठचा चेहरा. आधी अवघडलेला, मग हळूहळू व्यापाऱ्याचा. शेवटी ते हसले. “लई चढा सांगून राह्यले, वहिनी.”

तुम्हाला ते ऐकू आलं नाही. तुम्ही आईकडे वळलात. “दाबला हात. उद्या डबा भर.”

निजामाचं राज्य गेलं, तरी तुम्ही बाजारात बसतच राहिलात. कीव करायला कुणाला जागाच ठेवली नाहीत.

अखेरच्या आजारात तुम्ही गोधडीखाली माझा हात धरलात. बोटं एकेक करून दाबलीत आणि थांबलात, माझ्याकडे बघत. ती बोली तुम्ही मला कधी शिकवली नव्हती. मागत होतात की देत होतात, मला कळलं नाही. मी तळहात दाबला. सौदा पटल्यासारखा तुम्ही हात सोडलात.

आबा, तो भाव मला अजून माहीत नाही.