भट्टी विझवण्याचा अधिकार

मी, खाली सही करणारा, काचकारखान्याचा मालक, वय पंचावन्न, बुद्धी शाबूत असताना (पत्नीचा आक्षेप नोंदवून) आणि कोणाच्याही दडपणाविना हे मृत्युपत्र लिहितो. परवा शस्त्रक्रिया आहे; वैद्यांवर विश्वास आहे, दैवाशी ओळख नाही.

१. राहतं घर आणि शिल्लक पत्नीची. संस्कृत ग्रंथ मुलाला. वाचण्याची अट नाही. रद्दीत घालू नयेत.

२. कारखाना मुलगा आणि पुतणी यांना निम्मा-निम्मा. दिवंगत दादाबद्दलचा माझा हेवा कोणालाही देत नाही. तो माझ्याबरोबरच जाईल.

३. अडचण अधिकाराची आहे. भट्टी विझली की आतली काच गोठते, काम महिनोन्महिने बंद पडतं. त्यामुळे 'विझवा' हा शब्द कोणी उगाच ऐकत नाही. वडिलांचा ऐकत, कारण ते वडील होते आणि आजोबांच्या जागी उभे राहत. दादाचा ऐकत, कारण तो हसून बोलला की माणसं आगीतही शिरत. माझ्यापाशी दोन्ही नव्हतं. मी नियमावली छापली आणि शिक्का करून घेतला.

गेल्या महिन्यात भट्टीच्या छताला तडा दिसला. मी सही-शिक्क्याचा हुकूम काढला. मिस्त्री म्हणाले, "मालक, कागद बरोबर आहे. पण वहिनींना विचारलंत का?" वहिनी म्हणजे दादाची पत्नी, कारखान्यात त्यांना कुठलंही पद नाही. त्यांना घरून आणवलं. त्यांनी वर पाहिलं. "भाऊजी, तुम्ही सांगितल्यावर माझं काय काम? विझवा रे." विझवली. सकाळ या मानपानात गेली; दुपारी छत कोसळलं. खाली कोणी नव्हतं, ही आमची पुण्याई नव्हे.

आता मुलगा म्हणतो, "बाबा, मालकाचा मुलगा मी." पुतणी म्हणते, "काका, माणसं माझं ऐकतात." दोघांचंही खरं आहे, हीच पंचाईत.

४. सबब, व्यवहाराचे हुकूम दोघांनी मिळून, नियमावलीप्रमाणे काढावेत. परंतु धोका दिसताच 'विझवा' म्हणण्याचा अधिकार भट्टीपाशी उभ्या असलेल्या कोणाचाही. कालच कामाला लागलेल्याचाही. आधी विझवावी, मग 'तू कोण?' विचारावं. इशारा चुकीचा निघाला, तर त्याच्या पगाराला हात लावू नये.

हे मुलाला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "मग मालक कशाला हवा?"

नुकसान सोसायला, असं मी सांगितलं. त्याने कलम पुन्हा एकदा स्वतः वाचलं आणि न खोडता कागद मला परत दिला. म्हणून हे कलम तसंच ठेवलं आहे.

सही: काचकारखान्याचा मालक
साक्षीदार: शेजारचे डॉक्टर, भट्टीचे मिस्त्री
स्थळ: कारखान्याची कचेरी. दिनांक: शस्त्रक्रियेच्या दोन दिवस आधी, नवं छत चढत असताना.