बांधाकडची ओळ

सोमवार, संध्याकाळ

मशीहावर विश्वास ठेवला तेव्हापासून मोशेचं नियमशास्त्र, तोरा, मनापासून पाळायचं ठरवलंय. शेताच्या कडेचं पीक गरिबांसाठी सोडा, अशी त्यात आज्ञा आहे. म्हणून फोपनारच्या शेतातली बांधाकडची कापसाची ओळ शेजारच्या विधवा कमलबाईला सोडली. सोडली खरी, पण दुपारभर तिथंच उभा राहिलो. कशाला? गुरं शिरतील म्हणून, असं मनाला सांगत होतो. खोटं! ती दुसऱ्या ओळीत हात घालते का, तेच बघत होतो. शेवटी तीच म्हणाली, "भाऊ, तुम्ही घरी जा ना. तुम्ही उभे राहिले की माझा हात चालत नाही."

लाज वाटली. निघालो. वळणावर मान मागे वळलीच.

बांधाकडच्याच ओळीत होती. बहुतेक.