एकुलता एक टॉर्पेडो

डिस्कव्हरी गार्डन्स, दुबई
४ जानेवारी

ती. छायाताईस नमस्कार, आणि आधीच माफी.

फोन तू मध्येच ठेवून देतेस, म्हणून हे पत्र. आपल्या मैथिलीनं लग्न ठरवलंय. मुलगा ग्लेन, सिलिकॉन ओएसिसमध्ये इंजिनियर. आईवडील विल्मा आणि पॅट्रिक, मूळचे वसईचे कॅथलिक. आमची हरकत नाही, पण लहानपणी तू सांभाळलेली ही पोर आत्याच्या होकाराशिवाय पुढे जायला तयार नाही.

गंमत ऐक. इंग्रजांच्या काळात आपले पणजोबा मुंबई बंदरात ज्या टॉर्पेडो बोटीवर खलाशी होते, त्याच बोटीवर पॅट्रिकचेही पणजोबा होते! टॉर्पेडो कुणाच्या पणजोबांनी सोडला, यावरून भर जेवणात आमची जुंपली. आता पॅट्रिकनं बोटीची सगळी हकीकत लंडनहून मागवली आहे.

रागावलीस तरी उत्तर धाड.
तुझा चारू

रत्नागिरी
१९ जानेवारी

चि. चारूस आशीर्वाद, नाइलाजाने.

टॉर्पेडो आपल्याच पणजोबांनी सोडला आणि शत्रूची बोट बुडवली, हे बाबा नेहमी सांगायचे. मीही दर हळदीकुंकवाला सांगत आलेय. पॅट्रिकचे पणजोबा कोळसा ओढत असतील, असं त्याला माझ्या नावानं सांग. धर्माचं मी माझं पाहीन, मुलगा निदान मासे तरी खातो. पण थापाड्या घरात माझी मैथिली जायची नाही. पॅट्रिकनं कबूल केलं की मगच होकार.

मैथिलीला पापा, तुला नाही.
छायाताई

डिस्कव्हरी गार्डन्स
११ फेब्रुवारी

ती. ताईस दंडवत.

हकीकत आली. पाणी पिऊन वाच. बोट जन्मभर बंदराबाहेर गेलीच नाही. शत्रू तिनं कधी पाहिलाच नाही. म्हातारपणी तिच्यावरून पिण्याचं पाणी वाहायचे. सरावासाठी टॉर्पेडो सोडला तो एकदाच. तो थोडा सरळ गेला, वळला आणि परत येऊन साहेबलोकांचं जेवण नेणाऱ्या आपल्याच लाँचला भोक पाडून गेला. माणसं पोहत आली, जेवण बुडालं. सोडणाऱ्याचं नाव नाही, नुसतं 'एक देशी खलाशी'.

आता पॅट्रिक म्हणतो, खलास हबीबी, तो तुमचाच माणूस. आमचे तर कोळसा ओढत होते, ताईच म्हणाल्यात. मीही अडून बसलो की कोळसा आमच्याकडे. तेव्हापासून बोलणं बंद. विल्माचा डबा येतो, तो फक्त मैथिलीपुरता. पोरगी म्हणाली, डॅड, यू आर बोथ चिल्ड्रन, आणि रडली. ताई, लग्न मोडतंय.

काहीतरी सुचव.
चारू

रत्नागिरी
१ मार्च

चि. चारूस,

वाचून आधी रडले. इतक्या बायकांना आता काय तोंड दाखवू? मग ते बुडणारं जेवण डोळ्यांसमोर आलं आणि एकटीच हसत सुटले.

अरे, खरा शत्रू भेटला असता, तर त्या पत्र्याच्या होडक्यातून दोघांपैकी कोण घरी आलं असतं? तू नसतास, पॅट्रिक नसता. मग लग्न कुणाचं लावलं असतं आपण?

उद्याच त्याच्याकडे जा. टॉर्पेडो आमच्याच पणजोबांनी सोडला, असं ताईनं कबूल केलंय म्हणावं. मैथिलीला माझा होकार, अगदी मनापासून. तुमच्या दुबईतल्या ऊद मेथाच्या चर्चमध्ये मी नऊवारी नेसून पहिल्या बाकावर बसणार, व्हिसाचं बघ.

फक्त पॅट्रिकला एवढं सांगायला विसरू नकोस, की सरकारनं एकच टॉर्पेडो दिला आणि आमच्या माणसानं तोही वाया घालवला नाही.

लोभ आता दोन्ही घरांनी वाटून घ्यावा.
छायाताई