बाटलीत न आलेला आवाज

लाडक्या आईला समुद्राकाठून नमस्कार.

मैत्रिणींबरोबर सुखरूप पोचले. काळजी करू नकोस, घोट्याएवढ्याच पाण्यात उतरले. केस अजून ओले आहेत, ते सोड.

गुडघे कसे आहेत? त्यांना चोळायला बाटलीत समुद्राचं पाणी भरून घेतलं, तळाशी चिमूटभर वाळूही घातली. आमच्यातली लिंडेल्वा म्हणाली, “अख्खा समुद्र नेतेस की काय गं?”

इथे समुद्रात उभ्या कड्याला आरपार भोक आहे. त्यातून लाट घुसली की आपल्या छातीत गडगडतं. आम्ही बडबड्या सगळ्या गप्प!

बाटली कानाला लावून बघितली. आवाज नाहीच.

म्हणून पुढच्या वेळी तुलाच आणणार. तू मला घोंगडीत पाठीशी बांधून शेतावर न्यायचीस ना, अगदी तशी.

तुझी, अंगभर खारट झालेली,
दिनेओ